ओझरचा कारखाना आणि सैगॉनची विमाने

नाशिकहून मुंबई-आग्रा महामार्गाने वीसेक किलोमीटर गेले की बाणगंगेकाठचे ओझर लागते. निफाड तालुक्यातल्या या गावाला जिल्ह्यात अजूनही ‘ओझर मिग’ म्हणतात, कारण १९६४ पासून इथे मिग-२१ या रशियन लढाऊ विमानाचा कारखाना उभा राहिला आणि गावाची ओळखच बदलली. हा कारखाना आकार घेत होता तेव्हा साडेतीन हजारांहून अधिक किलोमीटर पूर्वेला, दक्षिण व्हिएतनाममध्ये, अमेरिकेच्या पैशावर आणि शस्त्रांवर सैगॉनमधले एक सरकार कम्युनिस्ट बंडखोरांशी झुंजत होते. या दोन गोष्टी एकत्र वाचण्याची आपल्याकडे सवय नाही. मला मात्र त्या एकमेकींवर प्रकाश टाकतात असे वाटते. नव्याने स्वतंत्र झालेल्या, गरीब, शेतीप्रधान देशाने महासत्तेकडून शस्त्रे घ्यावीत ती कशी, हा एकच प्रश्न दोन्ही ठिकाणी होता. दिल्लीने त्याचे एक उत्तर शोधले, सैगॉनला दुसरे मिळाले. माझे म्हणणे असे आहे की दक्षिण व्हिएतनामचा पराभव शस्त्रे कमी पडल्यामुळे झाला नाही आणि शौर्य कमी पडल्यामुळे तर मुळीच नाही. आपल्या युद्धाविषयीचे मोठे निर्णय घेण्याचा अधिकार त्या राज्याच्या हातात कधी आलाच नाही, आणि त्या उणिवेचा पुरावा खेड्यातल्या जमिनीपासून विमानतळावरच्या सुट्या भागांपर्यंत सगळीकडे सापडतो.

जमिनीपासूनच सुरुवात केली पाहिजे. १९५४ च्या जिनिव्हा कराराने व्हिएतनामची सतराव्या अक्षांशावर तात्पुरती विभागणी झाली. उत्तरेत, हनोईत, हो चि मिन्ह यांचे कम्युनिस्ट सरकार आले, दक्षिणेत अमेरिकेच्या पाठिंब्याने न्गो दिन्ह दिएम. दोन वर्षांत व्हायच्या एकत्रित निवडणुका दिएम यांनी होऊ दिल्या नाहीत. फ्रेंचांविरुद्धच्या लढ्यात हो चि मिन्ह यांच्या व्हिएतमिन्हने दक्षिणेतील अनेक गावांत जमीनदारांची जमीन कसणाऱ्यांना वाटून दिली होती. दिएम यांच्या राजवटीत तेच जमीनदार सरकारी शिपायांच्या मागोमाग परतले आणि खंड मागू लागले. १९५६ च्या त्यांच्या जमीन कायद्याने कमाल मर्यादा ठेवली ती १०० हेक्टर. मेकाँगच्या खोऱ्यातल्या भातशेतीच्या हिशेबाने ही मर्यादा जमीनदाराच्या सोयीची होती, कुळाच्या नव्हे. आपल्याकडचा काळ आठवून पाहावा. मुंबई राज्याच्या कूळकायद्यातल्या दुरुस्तीने १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला आणि कसेल त्याची जमीन हे तत्त्व निफाड-दिंडोरीच्या तलाठ्याच्या दप्तरात उतरू लागले. त्या कायद्यात पळवाटा होत्या, अनेक कुळे आधीच हुसकली गेली होती, हे खरे. पण राज्य कुळाच्या बाजूने उभे आहे एवढे तरी गावाला दिसत होते. सैगॉनने असा खरा कायदा केला तो मार्च १९७० मध्ये, अध्यक्ष थिऊ यांच्या कारकिर्दीत, आणि तो चांगला कायदा होता. त्याने लाखो कुळांना जमीन दिली. फक्त तोवर बंड दहा वर्षांचे झाले होते.

बंडाची उभारणी याच पोकळीत झाली. २० डिसेंबर १९६० रोजी राष्ट्रीय मुक्ती आघाडी स्थापन झाली. तिच्यामागे हनोईचे नेतृत्व होते यात आता वाद उरलेला नाही. पण हनोईने पेटवलेली काडी विझली नाही याचे कारण दक्षिणेतल्या गावांत होते. दिएम सरकारने उपाय केला तो तटबंद गावांचा. १९६२ पासून शेतकऱ्यांना त्यांच्या वाड्या-वस्त्यांतून उठवून बांबूच्या कुंपणात आणि खंदकाआड वसवायचे, म्हणजे गनिमांना अन्न आणि बातमी मिळणार नाही. शेतकऱ्याला पूर्वजांच्या थडग्यांपासून आणि शेतापासून तोडले गेले, कुंपण बांधण्यासाठी त्यालाच राबवले गेले, आणि ज्या अधिकाऱ्यावर या योजनेच्या अंमलबजावणीची मोठी जबाबदारी होती तो कर्नल फाम न्गोक थाओ स्वतःच कम्युनिस्टांचा गुप्तहेर निघाला. इथे एक आक्षेप घेतला जातो आणि तो वजनदार आहे. ब्रिटिशांनी मलायात हाच उपाय करून कम्युनिस्ट बंड मोडले होते, तिथल्या अनुभवाचे जाणकार रॉबर्ट थॉम्पसन दिएम यांचे सल्लागारही होते. मग इथेच उपाय का फसला? मलायातले बंडखोर प्रामुख्याने चिनी अल्पसंख्य समाजातले होते, त्यांना लागून असलेली मित्र सरहद्द नव्हती, आणि १९५७ मध्ये ब्रिटिशांनी स्वातंत्र्य देऊन बंडाचा मुख्य मुद्दाच काढून घेतला. दक्षिण व्हिएतनाममध्ये नेमका तो मुद्दा, म्हणजे परकीयांच्या जोरावर चाललेले राज्य, वर्षागणिक मोठा होत गेला.

२ जानेवारी १९६३ ला मेकाँगच्या खोऱ्यात अप बाक या गावी जे घडले त्यातून पुढची बारा वर्षे दिसतात. सुमारे साडेतीनशे गनिमांना त्यांच्या कितीतरी पट सरकारी सैनिकांनी घेरले होते. सरकारकडे हेलिकॉप्टर, चिलखती गाड्या, तोफा, विमाने सगळे होते. तरी पाच हेलिकॉप्टर पडली, सुमारे ऐंशी सरकारी सैनिक आणि तीन अमेरिकन मारले गेले, आणि रात्री गनीम निसटले. सरकारी सेनापती पुढे सरकायला तयार नव्हते, कारण दिएम यांना मोठी मनुष्यहानी नको होती. त्यांच्यासाठी सैन्याचे पहिले काम बंडखोरांशी लढणे हे नव्हते, सैगॉनमध्ये बंडाळी होऊ न देणे हे होते. सेनाधिकाऱ्यांच्या नेमणुका निष्ठा पाहून होत. त्याच वर्षी मे महिन्यात ह्युए शहरात बौद्ध निदर्शकांवर गोळीबार झाला, ११ जूनला थिच क्वांग दुक या भिक्षूने सैगॉनच्या चौकात स्वतःला जाळून घेतले, आणि अमेरिकेचा दिएम यांच्यावरचा विश्वास उडाला. नोव्हेंबरच्या सुरुवातीला सेनापतींनी उठाव केला. त्याला अमेरिकन राजदूत लॉज आणि वॉशिंग्टनची मूक संमती होती. दिएम व त्यांचे भाऊ न्हू मारले गेले. दिएम हुकूमशहा होते, पण ज्या देशाचा प्रमुख बदलायचा की नाही हे बाहेरच्या राजदूताच्या कलावर ठरते, त्या देशाच्या सैनिकाने कोणासाठी लढायचे? पुढच्या दीड वर्षात सैगॉनमध्ये सरकारांमागून सरकारे कोसळली. ७ ऑगस्ट १९६४ ला टोंकिनच्या आखातासंबंधीचा ठराव अमेरिकेच्या काँग्रेसने संमत केला, मार्च १९६५ मध्ये उत्तरेवर सलग बॉम्बफेक सुरू झाली आणि ८ मार्चला दानांगच्या किनाऱ्यावर अमेरिकन मरीन उतरले. १९६८ च्या अखेरीस अमेरिकन सैनिकांची संख्या पाच लाखांच्या वर गेली.

आता दिल्लीकडे वळू. भारताला व्हिएतनाम परके नव्हते. जिनिव्हा करारावर देखरेख करणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगाचे अध्यक्षपद भारताकडे होते, सोबत कॅनडा आणि पोलंड. जून १९६२ च्या विशेष अहवालात भारत व कॅनडाने उत्तर व्हिएतनाम दक्षिणेत माणसे व शस्त्रे धाडून कराराचा भंग करत आहे असे नोंदवले, आणि दक्षिणेनेही अमेरिकेची लष्करी मदत घेऊन करार मोडल्याचे तितकेच स्पष्ट सांगितले. आपल्या परराष्ट्र धोरणावर एकांगीपणाचा आरोप करणाऱ्यांनी हा अहवाल विसरू नये. याच उन्हाळ्यात नेहरू सरकारच्या टेबलावर दुसरा प्रश्न होता. अमेरिकेने पाकिस्तानला एफ-१०४ स्टारफायटर हे स्वनातीत विमान दिले होते आणि भारताला तोडीचे विमान हवे होते. सोव्हिएत संघाने मिग-२१ देऊ केले, रुपयांत फेड आणि भारतात उत्पादनाचा परवाना यांसह. अमेरिका आणि ब्रिटनने हा व्यवहार होऊ नये म्हणून मोठे प्रयत्न केले, पर्यायी विमानांचे प्रस्तावही पुढे आले. पण भारतात कारखाना उभारून देण्याची मॉस्कोसारखी तयारी त्यांत नव्हती. ऑगस्ट १९६२ मध्ये मिगचा निर्णय झाला. दोन महिन्यांनी चीनने हल्ला केला.

त्या हल्ल्यानंतर महाराष्ट्राचे मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले आणि १९६३ मध्ये नाशिक मतदारसंघातून बिनविरोध लोकसभेवर निवडून आले. मिगच्या कारखान्याचा ओझरचा भाग नाशिकला मिळाला यात त्यांचा हात होता असे जिल्ह्यात अभिमानाने सांगितले जाते. मला मात्र चव्हाणांचे १९६४ मधले दोन प्रवास अधिक महत्त्वाचे वाटतात. मे महिन्यात ते वॉशिंग्टनला गेले आणि त्यांनी एफ-१०४ मागितली. नेहरूंच्या निधनामुळे दौरा अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले, पण विमानांबाबतचा नकार स्पष्ट होता. त्यानंतर ते मॉस्कोला गेले आणि मिगच्या विमानांसह उत्पादनासाठीच्या मदतीचा करार घेऊन आले. विमानाचा सांगाडा ओझरला, इंजिन ओडिशात कोरापूटला, इलेक्ट्रॉनिक उपकरणे हैदराबादला अशी विभागणी झाली. १ ऑक्टोबर १९६४ रोजी दोन कंपन्या एकत्र करून हिंदुस्थान एरोनॉटिक्स स्थापन झाली. आधी तयार भाग जुळवायचे, मग उपभाग, मग कच्च्या मालापासून संपूर्ण विमान, असा हा टप्प्याटप्प्याचा कार्यक्रम होता. कच्च्या मालापासून इथे घडवलेले पहिले मिग-२१ ऑक्टोबर १९७० मध्ये हवाई दलाच्या हाती आले. नट-रिव्हेट, जिग, मोजमापाची अचूकता, धातूवरची प्रक्रिया हे शिकण्यात गेलेली सहा-सात वर्षे शेती आणि फॅक्टरीच्या पाळ्या एकाच घरात सांभाळणाऱ्या माणसांनी दिली. या वर्षांचा हिशेब शस्त्रखरेदीच्या आकड्यांत दिसत नाही.

गंमत नव्हे, इतिहासाचा नेमका योग असा की त्याच घराण्याचे मिग-२१ तेव्हा हनोईच्या आकाशात लढत होते. उत्तर व्हिएतनामच्या ९२१ व्या रेजिमेंटने आधी मिग-१७ आणि १९६६ पासून मिग-२१ उडवली. समोर अमेरिकेचे एफ-४ फँटम होते. दोन्ही विमानांच्या आखणीत एक समान चूक झाली होती: पुढच्या लढाया क्षेपणास्त्रांनीच होतील, तोफेची गरज नाही. फँटमवरचे स्पॅरो क्षेपणास्त्र दहातून एखादेच लागे. मिगचे क्षेपणास्त्र तर अमेरिकेच्याच साइडविंडरवरून घेतलेले होते. भारताला हा धडा आधी मिळाला. ४ सप्टेंबर १९६५ रोजी विंग कमांडर वोलन यांनी पाकिस्तानी सेबरवर मिगची दोन्ही क्षेपणास्त्रे डागली, दोन्ही हुकली, आणि जवळ तोफ नव्हती. पुढे मिगच्या पोटाखाली तोफेचा पॉड आला. अमेरिकेनेही पॉड लावले आणि अखेर तोफ बसवलेले एफ-४ई आणले. उत्तर व्हिएतनामी वैमानिकांनी वेगळा मार्ग काढला. जमिनीवरच्या रडारच्या सूचनेने मागून एकदाच झडप घालायची आणि निघून जायचे. तिन्ही ठिकाणी शस्त्र वापरणाऱ्याने शस्त्र किंवा डावपेच बदलले. सैगॉनच्या वैमानिकांतही कुशल माणसे होती, पण आपल्याला कोणते विमान हवे आणि ते कसे असावे हे सांगण्याची जागा त्यांना नव्हती. जे मिळे ते चालवायचे.

दबाव भारतावरही आला. १९६५ आणि १९६६ या सलग दोन वर्षी पाऊस फसला होता, पीएल-४८० या मदत कायद्याखालचा अमेरिकन गहू जहाजाजहाजाने येत होता, आणि जुलै १९६६ मध्ये इंदिरा गांधींनी उत्तर व्हिएतनामवरची बॉम्बफेक थांबवण्याचे आवाहन केल्यावर अध्यक्ष जॉन्सन यांची नाराजी गव्हाच्या पुरवठ्याच्या तुटकपणातून जाणवली. म्हणजे भारत परावलंबी नव्हता असे म्हणणे खोटे ठरेल. पोटासाठी आपण परावलंबी होतो. तरीही व्हिएतनामवरची भूमिका पूर्णपणे बदलली नाही, आणि संरक्षणात एकाच घरावर अवलंबून राहण्याचे धोके शेजारीच दिसत होते. सप्टेंबर १९६५ मध्ये अमेरिकेने भारत-पाकिस्तान दोघांचीही शस्त्रे बंद केली तेव्हा फटका मुख्यतः पाकिस्तानला बसला, कारण त्याचे रणगाडे, विमाने, दारूगोळा बहुतांश अमेरिकन होते. १४ डिसेंबर १९७१ रोजी ढाक्याच्या गव्हर्नमेंट हाऊसवर मिग-२१ नी रॉकेटे डागली आणि गव्हर्नर मलिक यांनी राजीनामा दिला. त्याच्या दोन दिवस आधी कच्छच्या आखातावर एका मिगने स्टारफायटर पाडले होते. वॉशिंग्टनने ज्याची विनंती नाकारली तो देश, ज्याला ते विमान दिले त्या देशाशी, त्याच विमानाच्या प्रतिस्पर्ध्याच्या जोरावर लढला.

सैगॉनकडे परत येऊ. जानेवारी १९६८ च्या टेट हल्ल्यात मुक्ती आघाडीच्या गनिमांचे, म्हणजे व्हिएतकाँगचे, प्रचंड नुकसान झाले, तरी ३१ मार्चला जॉन्सन यांनी पुन्हा निवडणूक न लढवण्याचे जाहीर केले. त्यांच्या जागी आलेल्या निक्सन यांनी ‘व्हिएतनामीकरण’ हे धोरण आणले: अमेरिकन सैनिक परत, लढाई दक्षिण व्हिएतनामी सैन्याकडे, शस्त्रे मात्र भरघोस. १९७२ च्या शेवटच्या महिन्यांत, करार होण्याआधी, इतकी सामग्री ओतली गेली की सैगॉनच्या हवाई दलाकडे दोन हजारांवर विमाने आणि हेलिकॉप्टर झाली. कागदावर ते जगातल्या मोठ्या हवाई दलांपैकी एक होते. २७ जानेवारी १९७३ च्या पॅरिस करारावर अध्यक्ष थिऊ सही करायला तयार नव्हते, कारण त्यात उत्तरेचे सुमारे दीड लाख सैनिक दक्षिणेतच राहत होते. निक्सन यांनी धाक घातला आणि सही झाली. आपल्याच देशाच्या भवितव्यावरचा करार नको असताना मान्य करावा लागणे, ही त्या राज्याची खरी अवस्था होती. विमानांची बरीचशी दुरुस्ती आणि देखभाल अमेरिकन कंत्राटदारांच्या हातात होती. १९७३ अखेर तेलाचे भाव भडकले, ऑगस्ट १९७४ मध्ये निक्सन गेले, आणि काँग्रेसने पुढच्या वर्षासाठी ७० कोटी डॉलरच मंजूर केले. सुट्या भागांअभावी आणि इंधनाअभावी विमाने उभी करून ठेवावी लागली. १० मार्च १९७५ ला बान मे थुओटवर हल्ला होऊन ते पडले, थिऊ यांनी मध्य पठार सोडण्याचा आदेश दिला, आणि माघारीचा लोंढा आवरता आला नाही. ३० एप्रिलला सैगॉन पडले. त्या अखेरच्या तासांत शंभरावर विमाने आणि हेलिकॉप्टर थायलंडच्या उतापाओ तळावर गेली आणि अमेरिकेने त्यांवर आपला हक्क सांगितला. त्याच्या दोन दिवस आधी उत्तरेच्या वैमानिकांनी हस्तगत केलेल्या ए-३७ विमानांनी सैगॉनच्या विमानतळावर बॉम्ब टाकले होते.

या ठिकाणी दोन आक्षेप उभे राहतात आणि दोन्हींची दखल घेतली पाहिजे. पहिला असा की काँग्रेसने मदत तोडली नसती तर सैगॉन टिकले असते. राज्य मुळात कमकुवत नव्हते, मित्राने साथ सोडली. त्यात तथ्य आहे. १९७२ मध्ये आन लोकला आणि एप्रिल १९७५ मध्ये झुआन लोकला दक्षिणेच्या सैनिकांनी विलक्षण झुंज दिली. या युद्धात त्यांचे दोन लाखांहून अधिक सैनिक मेले. पण हाच पुरावा माझ्या बाजूने जातो. एवढे लढू शकणारे सैन्य दुसऱ्या देशाच्या संसदेतल्या एका मतदानाने कोलमडते, तेव्हा कमतरता सैनिकात नसते, त्याला उभे करणाऱ्या रचनेत असते. दुसरा आक्षेप अधिक कठीण आहे. उत्तर व्हिएतनामही जवळजवळ संपूर्णपणे परक्या शस्त्रांवर लढले. मिग, क्षेपणास्त्रे, रणगाडे रशियन. रस्ते-पूल सांभाळायला आणि विमानविरोधी तोफा चालवायला चीनचे तीन लाखांवर सैनिक पाळीपाळीने आले. हनोईत काही ओझर नव्हते. मग उत्तर का जिंकले? कारण शस्त्राचा उगम कुठे हा प्रश्न दुय्यम आहे, त्याचा वापर ठरवणारा कोण हा मुख्य. मॉस्को आणि पेकिंग एकमेकांशी भांडत असताना हनोईने दोघांकडून घेतले आणि कोणाच्याही ताब्यात गेले नाही. १९७२ मध्ये निक्सन फेब्रुवारीत पेकिंगला जाऊन आले होते आणि मे महिन्यात मॉस्कोला जाणार होते, तरी उत्तरेने मार्चअखेर आपला मोठा हल्ला चढवला. १९७९ मध्ये त्याच चीनशी त्यांनी युद्ध केले. उत्तरेच्या राजवटीने आपल्याच लोकांवर जुलूम केले, १९५० च्या दशकातल्या तिच्या जमीनवाटपात हजारो निरपराध मारले गेले, आणि १९७५ नंतर लाखो माणसे बोटींतून देश सोडून गेली. तिचे कौतुक करण्याचा माझा हेतू नाही. पण तिच्या युद्धाचे निर्णय तिच्याच राजधानीत होत होते, हे नाकारता येत नाही.

तिसरा आक्षेप ओझरबद्दलचा आहे आणि तो मला सर्वांत अस्वस्थ करतो. परवान्यावर उत्पादन म्हणजे स्वावलंबन नव्हे, ही टीका खरी आहे. आराखडे मॉस्कोचे होते, कित्येक मिश्रधातू आणि भाग बाहेरून येत होते. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ मोडल्यावर सुट्या भागांचा तुटवडा इथेही जाणवला. पुढे मिग-२१ च्या अपघातांत अनेक तरुण वैमानिक गेले, आणि त्याचा दोष कारखाना, देखभाल, प्रशिक्षण, विमानाचे वय यांत कसा वाटायचा यावर दीर्घ वाद झाला. तरीही फरक राहतो. सैगॉनची विमाने जमिनीवर खिळली, कारण सुटे भाग आणि बरीचशी देखभाल बाहेरच्यांच्या हातात होती. ओझरला हिंदुस्थान एरोनॉटिक्सखेरीज हवाई दलाचा स्वतःचा दुरुस्ती डेपोही आहे. मिग-२१ एफएल, मग एम, मग बीआयएस, मिग-२७, सुखोई-३० हे सगळे त्याच हातांच्या सवयीवर उभे राहिले. २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडला मिग-२१ निवृत्त झाले. तीन आठवड्यांनी, १७ ऑक्टोबरला, ओझरमध्ये बनलेले पहिले तेजस मार्क १ए हवेत झेपावले. आराखडा आपला आहे. इंजिन मात्र अमेरिकन जनरल इलेक्ट्रिकचे आहे, आणि त्याच्या पुरवठ्याच्या विलंबामुळे हवाई दलाला ठरल्या वेळी तेजस मिळालेले नाहीत.